सहा स्क्रूची पेटी

आधीच सांगून टाकते, माझा बाप लय चांगला माणूस आहे असं सांगायला मी बसलेली नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी गेलं की पाळकसाहेब त्याचे गुण सांगतात, तसलं माझ्याकडून होणार नाही, आणि तसाही तो अजून जिवंत आहे. अकोल्यात, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगानं जी गल्ली आत जाते तिथं कोणालाही विचारा, सूर्यभान मिस्तरीचं घर कोणतं. बोटानं दाखवतील आणि वर विचारतील, कोण गेलं? कारण माझा बाप पेट्या करतो. कपड्यांच्या नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत माणूस गेला की ज्यात निजवून मातीत ठेवतात ती पेटी.

पन्नास वर्षं त्यानं तेच केलं. खुर्च्या केल्या, दारं केली, शाळेची बाकंही केली, पण नाव झालं पेट्यांवर. माप घ्यायला तो टेप काढत नसे. मेलेल्या माणसाकडे दारातूनच एकदा पाहिलं की लांबी-रुंदी त्याच्या डोक्यात बसे. जित्या माणसाकडेही त्याची पाहायची तीच रीत. त्यामुळे तो कोणाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला की लोक म्हणत, मिस्तरी, आमचं माप आत्ताच नका घेऊ बापा. तो हसत नसे. हसणं त्याला फार जमतही नाही.

त्याचा एक नियम होता. पेटीच्या झाकणाला खिळा मारायचा नाही. सहाच स्क्रू, आणि ते हातानं पिळायचे, आणि पिळून झाल्यावर सहाही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आल्या पाहिजेत. मी लहानपणी विचारलं होतं की असं काहून. तो म्हणाला, हातोडीचा आवाज घरच्यांच्या छातीत लागते. मेलेल्यावर ठोकू नये.

मेलेल्यावर ठोकू नये म्हणणारा हा माणूस आम्हा जित्या लेकरांना मात्र हातात येईल त्यानं ठोकत असे. फळी, रंध्याचा लाकडी ठोकळा, एकदा तर सरसाचा गरम डबा. माझ्या डाव्या दंडावर तो डाग अजून आहे. तक्रार केली की तो स्वतःचं सांगे. त्याचा बाप अकोटच्या जिनिंगमध्ये होता, तो मशीनचा तुटका पट्टा घरी आणून त्यानं मारायचा. "म्या पट्टा खाल्ला, तुमाले फळी लागली त काय झालं," असं हा शिलकीचा माल दाखवल्यासारखं सांगे. मला तेव्हाही त्याचा राग येई. आजही येतो.

आता कानाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या कानावर उभं आहे.

माझा धाकटा भाऊ अश्विन सोळा वर्षांचा होता. मे महिना, अकोल्याचं ऊन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक पेटी द्यायची होती. अश्विन वाकून फळीला रंधा मारत होता. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते, ओसरीवर तांदूळ निवडत होते. बाबानं फळी उचलून पाहिली. ती दोन बोटं कमी कापलेली होती. मागून गेला आणि तीच फळी अश्विनच्या उजव्या कानावर घातली.

पोरगं तोंडावर पडलं. कानातून रक्त आलं ते भुशात पडून गोळा झालं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानाला फडकं लावलं, आणि बाबा दुसरी फळी शोधायला लागला. त्या कानानं अश्विनला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. आईनं, म्हणजे इंदूबाईनं, मंडळीत सांगितलं की ताप आला आणि कानात उतरला. कानातून रक्त कशानं येतं ते मला तोवर शिकवलेलं होतं. तरी पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मीही तापच सांगितला. याची मला लाज वाटते, आणि ती कोणी विचारली नाही तरी वाटते.

दोन महिन्यांत अश्विन घर सोडून अमरावतीला गेला. डेपोत मेकॅनिक झाला, पौर्णिमाशी लग्न केलं, करिश्मा झाली. मलाही अमरावतीतच नोकरी लागली, म्हणून आमचं येणं-जाणं होतं. अकोल्याला मात्र तो नाताळला येई, जेवे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. जेवायला बसताना तो बाबाच्या उजव्या हाताला कधी बसला नाही. डावीकडे बसे. डावीकडे बसलं की त्याचा बहिरा कान बाबाकडे येई, म्हणजे मारणारा हातही लांब आणि बोलणंही ऐकू नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं हेच चाललं. त्यावर कोणी बोलत नव्हतं. करिश्मालाही माहीत होतं ते एवढंच, की पप्पांच्या कानात लहानपणी ताप उतरला.

तर ही करिश्मा. अकरा वर्षांची पोट्टी, पण तोंड साठ वर्षांच्या बाईचं. देशाच्या स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली त्या ऑगस्टमध्ये तिच्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या टीचरनं सांगितलं, प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानं एक कालकुपी करायची. आपण कोण, कुठले, या मातीत काय केलं, ते लिहून वस्तूंसकट पंधरा ऑगस्टला पुरायचं आणि शंभर वर्षं होतील त्या पंधरा ऑगस्टला काढायचं. तिनं थेट आजोबांना फोन लावला. बाबाचं उत्तर मी स्पीकरवर ऐकलं. तो म्हणाला, "कुपी त अत्तराची असते पोरी. मले पेटी जमते." आणि फोन ठेवला.

करिश्मानं हट्ट धरला की पुरायचं अकोल्यालाच, आबांच्या परसात, आणि पप्पांनीही यायचं. अश्विन तीन दिवस नाही म्हणाला. मग तयार झाला. लेकीपुढे त्याचं काही चालत नाही.

चौदा तारखेला आम्ही पोचलो तर पेटी तयार होती. सागवानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, दोन हात लांब, वर पॉलिश. खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती. झाकणावर काळा क्रूस.

पौर्णिमानं तोंडावर हात ठेवला. आईनं तर कपाळच बडवलं. जित्या लोकांच्या चिठ्ठ्या ठेवायला याला लेकराची पेटीच सुचली का, म्हणाली. मी बाबाला सरळ म्हटलं की हे काय करून ठेवलं तुम्ही, चौकोनी डबा करायचा होता ना. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यानं हे मुद्दाम केलेलं नव्हतं. हात पन्नास वर्षं जसा चालला तसा चालला होता, आणि झाल्यावर त्याच्याही ध्यानात आलं होतं. पण चूक कबूल करणं त्याच्या रक्तात नाही. त्यानं हातातला रंधा भिंतीवर फेकला, पोपडा पडला, आणि म्हणाला की जमत असंन त ठेवा, नाईतर चुलीत घाला. करिश्मा तेवढी खूश. ही त बोटीसारखी दिसते आबा, असं म्हणाली. मग कोणाची काही बोलायची सोय राहिली नाही.

संध्याकाळी वस्तू भरल्या. घरातल्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर आमच्या चार पिढ्यांचे जन्म लिहिलेले आहेत, त्याची नक्कल. आईनं मूठभर सरकी आणि दोन कापसाची बोंडं दिली. कोरोनात मी जो बिल्ला लावून ड्यूटी केली तो मी टाकला. पौर्णिमानं लग्नाचा फोटो, करिश्मानं गल्लीचं चित्र. आणि सहा जणांच्या सहा चिठ्ठ्या. सगळ्यांत वर कापडी तिरंगा, नीट घडी करून.

बाबाची चिठ्ठी सगळ्यांच्या आधी लिहून झाली होती. आई मला हळूच म्हणाली की तीन दिवस कारखान्याचं दार लावून लिहीत होता, दोन कागद फाडले. ती पेटीत ठेवताना त्यानं मला बाजूला घेतलं. "ज्योत्स्ना, हे माह्या माघारी उघडन. आत अश्विनसाठी आहे. मी जिता असताना कोणी वाचली त मी त्याले तोंड दाखवणार नाई." बस, इतकंच. आत काय आहे ते मला कळलं. सव्वीस वर्षांनी त्यानं कानाचं लिहिलं होतं, आणि ते वाचलं जाईल तेव्हा आपण नसू याचीही व्यवस्था केली होती. मला आधी राग आला की हा भित्रा आहे. मग वाटलं, लिहिलं तरी.

सहा स्क्रू त्यानं स्वतः पिळले. खाचा एका रेषेत.

पंधरा तारखेला सकाळी मंडळीत झेंडावंदन झालं आणि नऊच्या सुमाराला आम्ही परसात खड्डा केला. काळी माती, पावसानं ओली, फावड्याला चिकटत होती. आणि इथं आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरी चूक केली. पेटी दोन दोरांवर घेऊन खाली सोडली, कारण आम्हाला दुसरी रीत माहीत नव्हती. पेटी खाली टेकल्याबरोबर बाबाचा हात आपोआप मातीत गेला आणि त्यानं मूठमाती टाकली. मग आईनं टाकली, मग मी. पौर्णिमाला ओल्या मातीचा वास आला आणि का कोण जाणे, रडूच आलं. शेजारची गंगूबाई भिंतीवरून पाहत होती. मी तिला हात केला. ती आत निघून गेली.

साडेअकराला गल्लीत हाका सुरू झाल्या. बंडूची पोरगी सापडत नव्हती. बंडू म्हणजे चार घरं सोडून राहणारा, वेल्डिंगचं दुकान असलेला, दर नाताळला आमच्याकडे करंज्या खाणारा बंडू. त्याची दामिनी, चार वर्षांची, सकाळी प्रभातफेरी पाहायला दारात उभी होती ती तिथून गायब. सगळे शोधायला लागले. अश्विनही चप्पल घालून निघाला होता. तेवढ्यात गंगूबाई कोणाला तरी म्हणाली की मिस्तरीनं सकाळी लेकराची पेटी पुरली. "मी डोळ्यानं पाह्यली, बाया रडत होत्या. मंडळीत कोणाचं लेकरू गेलं असतं त तवाच कळलं असतं ना."

ती खोटं बोलली नाही. तिनं पाहिलं तेच सांगितलं. यामुळेच मला तिच्यावर नीट रागावताही येत नाही.

लोक दहा मिनिटांत आले. आधी तीस-चाळीस असतील, मग गल्ली भरली. पुढच्या दाराची कडी एका लाथेत निघाली. बऱ्याच जणांच्या हातात सकाळच्या फेरीतले झेंडे होते, वेताच्या आणि बांबूच्या दांड्यांचे. एकाचं मी स्वतः पाहिलं. त्यानं दांडीवरून झेंडा सोडवला, चार पदरी घडी केली, वरच्या खिशात ठेवला, आणि मग त्या दांडीनं माझ्या बापाला मारलं. झेंड्याचा अपमान होऊ नये एवढी अक्कल त्या माणसाला त्या घटकेलाही होती.

बाबा परसात त्या ताज्या मातीवर उभा होता. बंडू ओरडत होता की काय पुरलं सांग, माही पोरगी कुठी आहे. त्याचा आवाज फाटला होता. बापाचा आवाज होता तो, मी खोटं सांगणार नाही. मी ओरडून सांगितलं की डबा आहे, शाळेचा उपक्रम आहे, चिठ्ठ्या आहेत आत. कोण ऐकतो? मग मी बाबाला म्हटलं, काढून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे, संपून जाईल. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "पंचवीस वर्सं म्हटलं म्हंजे पंचवीस वर्सं. कोणी हात लावाचा नाई."

झालं. त्या एका वाक्यानं लोकांची खात्रीच पटली.

पहिली दांडी खांद्यावर बसली. दुसरी डोक्यात. बाबा खाली बसला, पण मातीवरून हलला नाही, उलट पालथा पडून दोन्ही हात पसरून त्यानं ती जागा धरली. मग लाथा. बरगडी मोडल्याचा आवाज मी वॉर्डात कधी ऐकला नव्हता, तो घरच्या परसात ऐकला. आई मध्ये पडली तर तिला केसांना धरून लाकडांच्या ढिगापाशी फेकलं. एकानं कारखान्यातल्या फळ्या ओढून काढल्या आणि खिडक्या फोडल्या, पाण्याची टाकी फोडली, शिवणमशीन उचलून दगडावर आपटलं. माझा दंड कोणीतरी मागं ओढला तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सिस्टर इन्चार्ज असून. मला त्याचं काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा चावेन. करिश्माला पौर्णिमानं संडासात कोंडून बाहेरून पाठ लावली होती आणि आतून पोरगी दार बडवत होती.

अश्विनला पाच-सहा जणांनी भिंतीशी दाबून धरलं होतं. दोघांनी बाबाला पायांनी ओढून बाजूला काढलं. त्याचा उजवा पंजा मातीत रुतलेला होता, तो निघेना म्हणून एकानं मनगटावर पाय दिला. मग कुदळ चालली. पेटी वर आली.

तिचा आकार दिसल्यावर पुढचे लोक दोन पावलं मागं सरले. बंडू गुडघ्यावर बसला. त्याला झाकण उघडायची हिंमत होईना. शेवटी दुसऱ्या कोणीतरी कुदळीनं झाकण फोडलं. बाबानं पिळलेले सहा स्क्रू सागवानासकट उपसून आले.

आत सगळ्यांत वर तिरंगा होता.

बंडूनं तो उचलला. खाली कागद, सरकी, फोटो, माझा बिल्ला. त्यानं सगळं चिवडलं. लेकरू नव्हतं. माणसाच्या चेहऱ्यावरून भीती उतरते तेव्हा तिथं आधी काय येतं ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच लाज वाटली, आणि ती लाज त्याला झेपेना. अर्ध्या गल्लीसमोर त्यानं म्हाताऱ्याला तुडवू दिलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं की मग लपवत काहून होता, पाह्य काय लिहिलं आहे, धर्म बदलवलेल्यांची नावं असतील. बंडूनं तीच काडी धरली. सगळ्यात वरची चिठ्ठी उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

अक्षरावरून मी ओळखलं. सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेली जाड अक्षरं. बाबानंही ओळखलं. रक्तानं एक डोळा मिटला होता, तरी तो कोपरावर उठला आणि म्हणाला, "नको वाचू बंडू. मार मले पायजे तितलं. ते नको वाचू." मार खाताना त्यानं एकदाही विनवणी केली नव्हती.

नेमक्या त्याच वेळेस धरणाऱ्यांचे हात सैल पडले आणि अश्विन सुटला. खड्ड्याच्या कडेला सब्बल, लोखंडी पहार, पडली होती. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि बंडूच्या मागं आला. माझा भाऊ माझ्या बापाचा पोरगा आहे हे मला त्याच्या खांद्यांवरून दिसलं. बंडू वाकलेला, पाठमोरा. तीच रीत, तीच बाजू.

आणि बंडू वाचत होता: "अश्विन बेटा, तुह्या कानात ताप उतरला नव्हता."

सब्बल वरच राहिली.

बंडूला मागं काय आहे ते माहीत नव्हतं. त्यानं पुढची ओळ वाचली, आवाज जरा उतरला. मग अश्विन पुढं आला. सब्बल हातातच होती. तो बंडूच्या समोरून फिरून त्याच्या उजव्या अंगाला गेला आणि म्हणाला, "इकडून वाच. पयल्यापासून. त्या कानानं मले आयकू येत नाई."

बंडूनं त्याच्याकडे पाहिलं, सब्बलीकडे पाहिलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. गल्ली ऐकत होती. मी ती चिठ्ठी एकदाच ऐकली, पण मला ती पाठ आहे.

"अश्विन बेटा, तुह्या कानात ताप उतरला नव्हता. म्या फळी मारली. मागून मारली. तू वाकून काम करून राहिला होता. फळी दोन बोटं कमी होती म्हणून. तीच फळी म्या मंग पेटीच्या बुडाले लावली, कोणाले दिसली बी नाई. तुह्या मायले अन ज्योत्स्नाले खोटं बोलाले म्याच लावलं. तू माह्या उजव्या हाताले कधी बसला नाई. मले दिसते ते. दर नाताळले दिसते. हे तोंडानं सांगाची माही हिंमत नाई म्हणून लिहून ठेवतो. वाचशीन तवा मी नसीन. माफ कर म्हणत नाई. घडलं ते असं घडलं, इतलंच."

बाबा तोंड मातीत घालून पडला होता. संडासाच्या दारावरचं बडवणं थांबलं होतं. करिश्मानंही ऐकलं होतं.

अश्विननं सब्बल खड्ड्यात टाकली. बंडूच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि शर्टाच्या आत घातला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ओरडा झाला. दामिनी सापडली. प्रभातफेरीच्या मागं मागं चालत ती पूल ओलांडून तिच्या मावशीच्या घरी गेली होती आणि बुंदी खाऊन झोपली होती. कोणीतरी तिला खांद्यावर घेऊन आलं. बंडूनं पोरीला छातीशी घेतलं आणि आमच्याकडे न पाहता गेला. बाकीचे त्याच्याही आधी गेले. पाच मिनिटांत परसात आम्ही, फुटकी टाकी आणि चिखल.

पोलीस आले, पंचनामा झाला. पेटी मुद्देमाल म्हणून जप्त झाली, लाल लाखेचं सील लागलं. केस अजून चालू आहे. तारखा ज्या चालीनं पडतात त्यावरून ती पेटी आता शंभरावं वर्ष मुद्देमालाच्या खोलीतच पाहील असं दिसतं. पंचनाम्यात लिहिलं आहे, हस्तलिखित चिठ्ठ्या, नग पाच. आम्ही सहा जणांनी लिहिल्या होत्या. वाचून दाखवल्यावर आम्ही सगळ्यांनी बरोबर आहे म्हणून सह्या केल्या.

बाबाच्या चार बरगड्या, डोक्याला अकरा टाके आणि उजवं मनगट दोन ठिकाणी. मी त्याला अमरावतीला माझ्या वॉर्डात आणलं. अश्विन रोज ड्यूटी सुटल्यावर येई, पलंगाच्या पायथ्याशी उभा राही, डबा ठेवी आणि जाई. चिठ्ठीचं दोघंही बोलले नाहीत. बाबा त्याच्याकडे पाहतही नसे. कोणी वाचली तर तोंड दाखवणार नाही म्हणाला होता, ते त्यानं भिंतीकडे वळून पाळलं.

बंडू एकदा आला होता, हातात केळी घेऊन. मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. पाळकसाहेब म्हणाले की ज्योत्स्नाबाई, क्षमा करायला शिका. मी म्हटलं साहेब, बरगड्या तुमच्या नव्हत्या. मी अजून केलेली नाही. होईल तेव्हा होईल.

पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्टला आम्ही पुन्हा अकोल्याला जमलो. पुरायला काही नव्हतं, करिश्माला आबांना भेटायचं होतं, एवढंच. तोवर बाबाचं मनगट जुळलं होतं, थोडं वाकडं, पण रंधा धरता येत होता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हात मोडका होता म्हणून पुढचं झालं.

आईनं सतरंजी टाकली, ताटं मांडली. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. अश्विनचं ताट नेहमीप्रमाणे बाबाच्या डावीकडे होतं. अश्विननं हात धुतले, आला, ते ताट उचललं, आणि बाबाच्या मागून फिरून उजव्या हाताला येऊन बसला. चांगला कान बाबाकडे. करिश्मा बोलणार होती, तिला पौर्णिमानं चिमटा काढला.

थोड्या वेळानं बाबानं ठेचा घ्यायला उजवा हात उचलला. हात वर आला आणि अश्विनचा खांदा झटक्यात कानापर्यंत गेला, मान खाली, डोळे मिटलेले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बाबानंही पाहिलं. त्याचा हात वाटीच्या वर तसाच थांबला, त्याला तो खाली घेता येईना आणि पुढंही नेता येईना.

अश्विननं डोळे उघडले. तो उठला नाही. खांदा हळूहळू खाली आणला, आणि ताट बाबाकडे सरकवून म्हणाला, "द्या न बाबा. मलेबी वाढा."

बाबानं त्याच हातानं वाढलं. अर्धा ठेचा सतरंजीवर सांडला, आणि आई दोघांनाही ओरडली.